मागची सीट

"दादा, डोळे मीट. बघायचं नाही, नुसतं ऐकायचं. सांग, सायकल वाटते की मोटरसायकल?"

कित्येक वर्षांपूर्वीचा तो आवाज. मिसरूडही न फुटलेला, कोवळ्या काकडीसारखा करकरीत. धाकट्याने सायकलच्या मागच्या चाकाला पुठ्ठ्याची पट्टी बांधली होती. चाक फिरलं की पट्टी तारांवर आपटायची आणि फर्रर्र आवाज निघायचा. थोरल्याने डोळे मिटले, ऐकलं आणि म्हणाला, "सायकलच वाटते." धाकट्याचं तोंड एवढंसं झालं. मग थोरल्यालाच कसंतरी झालं. "पण चांगली जोरात जाणारी सायकल," तो म्हणाला. तेवढ्यावर धाकटा गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आला.

आता रोज संध्याकाळी थोरला धाकट्याचं हेल्मेट डोक्यात घालतो, तेव्हा आतल्या अंधारात आधी तो आवाज येतो. डोळे मीट, नुसतं ऐक. हेल्मेटच्या अस्तराला अजून धाकट्याच्या केसांच्या तेलाचा वास आहे. तो दिवसेंदिवस विरळ होत चाललाय, आणि तो कसा धरून ठेवायचा हे कुठल्याही कारखान्यात शिकवत नाहीत.

थोरला पंपाच्या कारखान्यात टर्नर. लोखंड लेथवर फिरवायचं, हव्या त्या मापाला आणायचं, हेच त्याचं आयुष्य. हात असा की कुठे काही ढिलं दिसलं की आवळल्याशिवाय राहवत नाही. पाहुणा म्हणून गेला तरी यजमानाच्या दाराची बिजागरी घट्ट करून येणार. बायको म्हणायची, "यांना जेवायला बोलावू नका, पाना द्या."

धाकटा छापखान्यात. पाय जमिनीला लागायचे नाहीत म्हणून आईने त्याचं नाव भिंगरी ठेवलं होतं, आणि मोठा बाप्या झाला तरी तेच राहिलं. कुणाच्या तरी हातची जुनी, छोट्या इंजिनाची स्पोर्ट्स मोटरसायकल त्याने आणली आणि त्या दिवसापासून घरात तिसरं भावंड आलं म्हणा. हँडल काढून खालच्या अंगाचं बसवलं. पाय ठेवायचे दांडे मागे सरकवले. सायलेन्सर आखूड केला. प्रत्येक वेळी थोरल्याकडे यायचा, "दादा, एवढं एक बूश कापून दे ना, शेवटचंच." अशी शेवटची बुशं, लोखंडाची ती छोटी कडी, थोरल्याने किती कापली, देव जाणे. आणि प्रत्येक बदलानंतर गाडी चालू करून धाकटा तेच म्हणायचा. दादा, डोळे मीट.

मग त्याने मागची सीट काढली. तिथे फायबरचं एक निमुळतं कुबड बसवलं, शर्यतीच्या गाड्यांना असतं तसं.

आई दारात उभी राहून बघत होती. "ही गाडी आहे की रुसलेलं माकड? ढुंगण वर करून बसलंय."

सगळे हसले. धाकटाही हसला.

"आणि आईनं बसायचं कुठे? त्या कुबडावर?"

"आई, तू बसणारेस का गाडीवर? तुला जिना उतरताना गरगरतं."

"बसणार नाही रे. पण जागा असावी. बसायची नसली तरी आपली जागा आहे, एवढं माणसाला दिसावं."

धाकट्याने फडक्याने कुबड पुसलं. "वेगाला वजन चालत नाही, आई."

बोलून गेला. गाडीबद्दलच बोलला होता. पण आईने ते स्वतःवर घेतलं. "म्हणजे मी वजन?" मग शब्दाने शब्द वाढला. बाप गेल्यापासून या वजनानेच तुम्हाला उचललं, इथपासून सुरू झालं आणि जिथे माझी जागा नाही ते माझ्या दारात नको, इथे येऊन थांबलं. दोघांचे स्वभाव एकाच मातीचे. आईने शब्द मागे घेतला नाही आणि भिंगरीने तो खरा केला. गाडी दारात नको ना? मग गाडीवाला पण नको. छापखान्याजवळ खोली घेऊन राहायला गेला.

पण रोज संध्याकाळी, काम सुटलं की, तो गल्लीतून एक फेरी मारायचा. थांबायचा नाही. आईच्या खिडकीखाली आल्यावर अ‍ॅक्सिलरेटरवरचा हात सैल सोडायचा, गाडी मंदावायची आणि सायलेन्सरातून आवाज यायचा. फट्. फट्फट्. इंजिन आणि सायलेन्सर जिथे जुळतात तिथलं पॅकिंग गेलं होतं, हवा निसटायची, त्याचा तो आवाज. आई दुसऱ्या मजल्यावर कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणायची, "आला. अजून धुसफुसतोय मेला."

थोरल्याने एकदा छापखान्याच्या दारात त्याला गाठलं. "अरे, पॅकिंग गेलंय. आण इकडे, पाच मिनिटांचं काम."

"राहू दे दादा," धाकटा म्हणाला. "त्या आवाजावरनंच तिला कळतं, मी आलोय ते."

त्याची ती हाक होती, आणि आई तिला राग समजत होती. थोरल्याला दोन्ही कळत होतं. सांगू कधीतरी, मनाशी म्हणाला. मायलेकांचं भांडण म्हणजे उतू जाणारं दूध, आच कमी झाली की आपसूक खाली बसतं. कशाला मध्ये पडा.

मग एका सकाळी आई न्हाणीघरात पडली. उजवी बाजू गेली, डोळ्यांपुढे कायमचं धुकं आलं. ती दवाखान्यात असतानाच, एका ओल्या वळणावर, मालवाहू टेम्पोपुढे धाकटा घसरला. गाडीला खरचटलं. त्याचं मात्र काही उरलं नाही.

डॉक्टर म्हणाले, सध्या यांना धक्का नको. मामा म्हणाले, घरी येऊ दे, मग सांगू. घरी आल्यावर म्हणाले, जरा ताकद येऊ दे. 'मग' हा शब्द फार सोयीचा. त्याच्या आड घरभर माणसं लपली. शेजाऱ्यांना हात जोडून सांगून ठेवलं. आई वरच्या खोलीत, खिडकीशी, पलंगावर. तिच्यापर्यंत जे जिन्याने जाईल तेवढंच जाणार होतं.

पण आवाज जिन्याने जात नाही.

"भिंगरी दिसला नाही बऱ्याच दिवसांत," ती म्हणाली. दिसला नाही म्हणजे ऐकू आला नाही. "आई मरणाच्या दारातून परत आली तरी याचा ताठा जाईना का?" मग दोन दिवस खिडकीकडे कान लावून बसली. तिसऱ्या दिवशी जेवण सोडलं. "थोरल्या, खरं सांग. त्याला काही झालं का?"

थोरल्याने तिचं पांघरूण सारखं केलं. "काय होणार? गाडी बंद आहे त्याची. कामाला टाकलीय."

त्या आठवड्यात त्याने गाडी आणली. वाकलेला दांडा सरळ केला, तडकलेलं फायबर चिकटवलं. दुसऱ्या गल्लीतल्या ओळखीच्या गॅरेजमागच्या शेडमध्ये उभी केली. आणि एका संध्याकाळी धाकट्याचं जाकीट, धाकट्याचं हेल्मेट घालून तो आपल्याच घराखालून गेला. खिडकीखाली हात सैल सोडला. फट्. फट्फट्.

एकदाच करायचं होतं. वर आला तेव्हा आई सुनेच्या हातून घास घेत होती. "आला होता," ती म्हणाली. "ऐकलंस? अजून फुगलेलाच आहे मेला."

सुनेच्या हातातला चमचा खाली पडला. आई प्रेमाने शिवी द्यायची ती हीच, पहिल्यापासून. आता ती शिवी घरात आली की भिंतीसुद्धा अंग चोरायच्या.

तेव्हापासून रोज. कारखाना सुटला की शेड, हेल्मेट, गल्ली, खिडकी, परत शेड, आणि मग थोरला म्हणून पायी घरी. आई जगली. खरंच जगली, डॉक्टरही म्हणाले. पण जगणं म्हणजे काय, तर संध्याकाळची वाट बघणं, आणि आवाज आला की जिन्याकडे कान लावणं. पावलं वाजली की चेहरा उजळायचा. पावलं थोरल्याची निघाली की मावळायचा.

"तूच होय," ती म्हणायची.

"मीच, आई."

आपल्या आईच्या डोळ्यांत आपण रोज मावळायचं, हे थोरल्याने कुणाला सांगितलं नाही. बायकोला न सांगता कळलं.

दिवस गेले तशी आई आतून झिजत गेली. आधी रागावायची, ते थांबलं. मग धाकट्याची बाजू घ्यायला लागली. माझंच चुकलं. पोर हौसेनं गाडी दाखवायला आलं आणि मी माकड म्हटलं. एकदा दुपारी सुनेने दाराआडून ऐकलं, ती एकटीच गुणगुणत होती. कुठलं जुनं गाणं नव्हतं ते, तिचंच होतं, तिथल्या तिथे जुळवलेलं.

वाऱ्यावरचं पाखरू, दारावरून जाई
खिडकीत जागते गं, त्याची आंधळी आई

सुनेने रात्रीचा स्वयंपाक तसाच टाकला आणि नवरा घरी आल्याबरोबर त्याला जिन्यातच अडवलं.

"अहो, बास करा हे."

"सांगितलं तर जाईल ती."

"आणि आता काय राहिलीय? तिला वाटतं, लेक रोज येतो आणि तोंड फिरवून जातो. जिवंतपणी भाऊजी असे कधी वागले? हट्टी होते, निष्ठुर नव्हते. तुम्ही रोज त्यांना निष्ठुर करताय. मेलेल्या माणसाला बदनाम करायला तरी लाज वाटू दे."

थोरला कठड्याला धरून उभा राहिला. त्याचं बोट कठड्याच्या एका ढिल्या खिळ्यावर पडलं आणि तो आपोआप तो दाबायला लागला. बायकोने त्याचा हात बाजूला केला. "तो खिळा राहू द्या हो," ती म्हणाली आणि रडायला लागली.

सुटीच्या दिवशी तो शेडमध्ये चेनला तेल द्यायला गेला, तर सीट शिवणारा बाहेर उभा. गॅरेजशेजारीच त्याचं दुकान. तोंडात सुई धरून बोलायची त्याला सवय.

"ही गाडी दिसते रोज, पण तुम्हाला गाठायचा धीर होत नव्हता," तो म्हणाला आणि बगलेतलं गाठोडं पुढे केलं. "तुमच्या भावाची वस्तू आहे. शिवून तयार होती. न्यायला यायचा होता, त्याच आठवड्यात…"

गाठोड्यात गाडीची मागची सीट होती. मूळचीच, धाकट्याने काढून टाकलेली. पण आता रुंद केलेली, जाड, आणि मागे टेकायला बोटभर उंच उशी.

"मी म्हटलं, अरे या टीचभर गाडीवर ही गादी म्हणजे उंदराला अंबारी. सगळे हसतील तुला. तर म्हणाला, हसू देत. आई दवाखान्यातून सुटली की तिला यावरून घरी न्यायची आहे. पहिल्या गिअरवर नेईन, म्हणाला. कमरेला हादरा लागता कामा नये, फोम मऊ टाक. तीन वेळा दाबून बघितला फोम त्यानं."

सीट शिवणारा गेला. थोरला खाली फरशीवर बसला. सीट मांडीवर घेतली. तिच्या शिवणीवरून बोट फिरवत राहिला. बारीक, दुहेरी शिवण होती, कुठे सैल नव्हती.

आईला हवं होतं ते इथे होतं, मांडीवर. लेक रागावलेला नव्हता. लेक तिला न्यायला येणार होता. आणि हे तिला द्यायचं तर दुसरंही द्यावं लागणार होतं. माया हातात ठेवायची आणि त्याच हाताने लेक काढून घ्यायचा. अशी कुठली वस्तू त्याने आजवर लेथला लावली नव्हती, जिचा एक भाग कापायला जावं तर दुसरा हातात येतो.

मग हात चालायला लागले. डोकं कुठे होतं ते त्याला आठवत नाही. हातांनी कुबड उतरवलं, सीट बसवली, बोल्ट आवळले. हातांनी चेन ताणली, ब्रेक नीट केला, तारांना तेल दिलं. डोळे भरून वाहत होते आणि हात आपलं काम करत होते, जसे जन्मभर करत आले. संध्याकाळ झाली तेव्हा गाडी अशी लखलखीत उभी होती की धाकट्याने तिच्याभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या असत्या.

तो निघाला. गल्लीत वळला. खिडकीखाली हात सैल सोडला.

आवाज आला नाही.

गाडी पाण्यावरून होडी सरकावी तशी मुकाट पुढे गेली, नुसती मंद घुमत. थोरल्याने खाली सायलेन्सरकडे बघितलं. हातांनी पॅकिंगही बदललं होतं. जी एकच गोष्ट बिघडलेली राहायला हवी होती, ती त्यांनी सवयीने दुरुस्त करून टाकली होती.

गाडी शेडमध्ये ठेवून तो घरी जिना चढला. वर दार उघडं. आई पलंगावर ताठ बसलेली, आणि चेहरा असा की धुक्यामागे कुणी दिवा धरलाय.

"थोरल्या! ऐकलंस का आज? ऐकलंस?"

"काय, आई?"

"फटफटला नाही! आज नुसता हळू गेला रे, बाळ झोपल्यावर पाऊल टाकावं तसा. उतरला राग. मला माहीतच होतं, आतड्याचा पीळ कितीही ताणला तरी तुटतो थोडाच?" ती हसली. वाकड्या ओठाने, पण हसली. "आता मी नाही ऐकायची. उद्या मला खाली न्या. आता माझी पाळी आहे. त्यानं एक पाऊल टाकलं, दुसरं मी टाकते. दारात बसते त्याच्या वाटेवर, बघू कसा जातो."

थोरल्याने बायकोकडे बघितलं. तिने मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात त्याने एक दांडा मापापेक्षा बारीक कापला. आयुष्यात पहिल्यांदा. फोरमनने तो भंगाराच्या ढिगात टाकताना त्याच्याकडे बघितलं.

शेडमध्ये आल्यावर त्याने पाना घेतला. दोन आटे फिरवायचे, बस. सायलेन्सरचा सांधा ढिला होईल, हवा निसटेल. फट्, फट्फट्. आई समजेल, परत बिनसलं. दारातून उठून वर जाईल, परत खिडकीशी बसेल. उद्या जगेल, परवा जगेल. त्याने पाना नटावर बसवला.

डोळे मीट, दादा. नुसतं ऐक.

ज्या हाताने जन्मभर ढिलं ते आवळलं, तो हात उलटा फिरेना. तो भाऊ आईला न्यायला निघाला होता. त्याला परत कसा रुसवायचा? थोरल्याने पाना भिंतीशी ठेवला, फार जपून, आवाज न करता. चालत घरी जावं असंही मनात आलं. पण मग ती दारात बसून राहील, अंधार पडला तरी, आवाजाची वाट बघत.

त्याने हेल्मेट घातलं.

गल्लीच्या तोंडाशीच त्याला दिसलं. दारात खुर्ची. खुर्चीवर आई. धुतलेलं लुगडं, केस विंचरलेले, डावा हात काठीवर. मागे बायको, दोन्ही हात सासूच्या खांद्यांवर. समोरच्या खिडक्यांत शेजारी उभे होते आणि गाडी दिसली तसे एकेक करून आत गेले.

त्याने हात सैल सोडला. गाडी दारापाशी येऊन थांबली. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा थांबली.

"सूनबाई, उठव मला," आई म्हणाली. "नको, सोड. जमतंय." ती काठीवर एक पाऊल पुढे आली, मग दुसरं. धुक्यातून तिला एवढंच दिसत असणार, काहीतरी काळं, उंच, आणि डोक्याच्या जागी गोळा.

"टोपडं तेच अजून," ती म्हणाली. "बोलू नकोस. तुला बोलायला लावत नाही मी. तुझा ताठा तुझ्यापाशी. मीच बोलते." तिने श्वास घेतला. "भिंगरी, चुकलं रे माझं. गाडी छान होती. मला कळत नाही त्यातलं, पण तू केलेली होती ना, म्हणजे छानच असणार. मी म्हातारी, मला वाटलं माझी जागा गेली. तेवढंच. रागानं नव्हते बोलले, भीतीनं बोलले."

तिचा डावा हात काठी सोडून हवेत चाचपडत पुढे आला. टाकीवर पडला. टाकीवरून मागे सरकला, जिथे कुबड असायला हवं तिथे. आणि थांबला.

तिची बोटं गादीत रुतली. तिने पुन्हा दाबून बघितलं. शिवणीवरून बोट फिरवलं, मागच्या उशीपर्यंत.

"सीट बसवलीस?" आवाज एवढासा झाला होता. "माझ्यासाठी?"

हेल्मेटच्या आत थोरल्याला स्वतःचा श्वास ऐकू येत होता, आणि त्या तेलाचा शेवटचा वास.

"बसू का रे? गल्लीच्या टोकापर्यंतच ने. हळू ने."

बायकोने तोंडावर पदर दाबला. थोरल्याने गाडी बंद केली. गल्लीत इतकी शांतता झाली की वरच्या मजल्यावरचं घड्याळ ऐकू यावं. त्याने हातमोजे काढले. हेल्मेट काढलं, टाकीवर ठेवलं. मग आईचा हात, गादीवरचा, आपल्या हातांत घेतला. लेथने घट्टे पाडलेले हात. ते हात ओळखायला तिला डोळे लागत नव्हते. तिच्या चेहऱ्यावर तेच आलं, रोज यायचं ते मावळणं.

"तूच होय," ती म्हणाली. तिने गल्लीच्या टोकाकडे कान वळवला. "मग तो कुठाय?"

"आई," थोरला म्हणाला, "तो तुझ्यावर कधीच रागावला नव्हता. ही सीट त्यानंच शिवून घेतली, तुला दवाखान्यातून घरी आणायला. तो येणार होता, आई. तो गेला. तू तिथे होतीस तेव्हाच गेला. रोज मीच येत होतो."